टेक्साकोला ऑपेरा का परवडत होता?

कुणीतरी एक व्हिडिओ पाठवतं. त्यात हिमनदी वितळतेय, मागे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो वाजतोय, आणि वरून कुणीतरी कविता म्हणतंय. विषय अर्थातच हवामानबदल. मग ठरलेलं भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो, अहो व्हायोलिन वाजवून बर्फ वितळायचा थांबतो का, त्यापेक्षा छतावर सोलर लावा, कोळशाची वीज बंद करायचं बोला, ही सगळी पोट भरलेल्यांची थेरं आहेत. दुसरा गट दुखावतो आणि म्हणतो की आकडे डोक्याला कळतात पण कला थेट काळजाला भिडते, मनं बदलली की जग बदलेल वगैरे. दोन्ही बाजू आता पाठ झाल्यात आणि खरं सांगायचं तर दोन्हींचा कंटाळा आलाय, कारण दोघांनीही न बोलता एक गोष्ट गृहीत धरलीय, की कला आणि हवामान यांची गाठ आत्ता कुठे, आपल्या काळातल्या काही हळव्या लोकांनी मारलीय. तसं अजिबात नाहीये. ही गाठ जुनी आहे आणि ती आधी समोरच्या पार्टीने, म्हणजे कोळसा-तेलवाल्यांनी मारली.

माझं म्हणणं एवढंच की कविता, फिल्म आणि छोट्या मैफलीचं संगीत एकत्र आणून हवामानबदलावर काम करणं गरजेचं आहे, त्याला चैन म्हणू नका, कारण कोळसा आणि तेल आपल्याला आवडायला लागले त्यात याच तीन गोष्टींचा मोठा हात होता. आता ते काम चांगलं करावं लागतं, आणि सध्या जे होतंय त्यातलं बरंचसं चांगलं नाहीये, हेही कबूल करून टाकू.

कलेने काय होतं या प्रश्नाचं उत्तर कलाकारांना विचारूच नका, ते भावनिक होतात. ज्यांनी पैसे मोजले त्यांना विचारा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या संगीतनाट्य संस्थेचे शनिवारचे प्रयोग रेडिओवरून अमेरिकाभर ऐकवले जायचे, त्याचा खर्च टेक्साको या तेल कंपनीने १९४० पासून २००४ पर्यंत उचलला, म्हणजे साठ वर्षांच्या वर. मोबिल या दुसऱ्या तेल कंपनीने १९७१ पासून अमेरिकेच्या पब्लिक टीव्हीवर इंग्लंडहून आणलेल्या दर्जेदार मालिकांचा आख्खा एक कार्यक्रम पोसला. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाला बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २६ वर्षं पैसे दिले. शेल या तेल कंपनीने तर १९३४ मध्येच स्वतःचं फिल्म युनिट काढलं होतं. हे सगळे भोळे रसिक होते का? पैशाचा हिशोब या कंपन्यांइतका कुणाला कळतो? ऑपेरा ऐकणाऱ्याने आपल्याच पंपावर पेट्रोल भरावं एवढंच हवं असतं तर रस्त्याकडेला मोठे बोर्ड लावून भागलं असतं. त्यांना हवं होतं ते असं की कंपनीचं नाव कानावर पडलं की माणसाला गळती, धूर, आखातातलं राजकारण यातलं काही न आठवता शनिवारची निवांत दुपार आणि ऑपेराचा संगीतकार व्हर्दी आठवावा. एवढ्यासाठी साठ वर्षं पैसे मोजणं त्यांना परवडत होतं, याचा अर्थ त्यातून त्यांना काहीतरी परत मिळत होतं.

आणि हे चालू असताना माहिती कमी होती असंही नाही. स्वांटे अरेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब मांडला होता. १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हा वायू रोज मोजला जातोय, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. जेम्स हॅन्सन या नासाच्या शास्त्रज्ञाने २३ जून १९८८ ला अमेरिकन सिनेटसमोर तापमानवाढ सुरू झाल्याची साक्ष दिली. एक्झॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकापासून बांधलेले तापमानवाढीचे अंदाज किती अचूक निघाले हे २०२३ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवून दिलं. तेव्हा 'आधी लोकांना फॅक्ट्स सांगा, गाणी नंतर' असं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की अजून किती फॅक्ट्स? फॅक्ट्स एका बाजूला होत्या आणि गाणी दुसऱ्या बाजूला होती, शंभर वर्षांत कोण जिंकलं ते समोरच आहे.

आता जरा मागे जाऊ, कारण या वादात जी गोष्ट कुणीच काढत नाही ती १९३५ सालची आहे. लंडनमध्ये ब्रिटिश पोस्ट खात्याच्या फिल्म युनिटने (होय, पोस्ट खात्याच्या) 'कोल फेस' नावाची एक छोटी फिल्म काढली, पाव तासाच्या आतली. दिग्दर्शक अल्बेर्तो काव्हाल्कान्ती, संगीत बेंजामिन ब्रिटनचं, तो तेव्हा एकवीस वर्षांचा पोरगा होता, आणि खाणीतून घरी परतणाऱ्या कामगारांसाठी बायकांचा कोरस जी कविता गातो ती डब्ल्यू. एच. ऑडेनची. पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि ऑडेनने त्याच युनिटसाठी 'नाइट मेल' केली. लंडनहून रात्रीत टपाल घेऊन स्कॉटलंडला जाणारी वाफेची गाडी, तिच्या चाकांच्या ठेक्यावर मापून बसवलेली कविता, मूठभर वादक आणि सोबत सँडपेपर घासल्याचे वगैरे आवाज. आज हवामानबदलासाठी 'अभिनव प्रयोग' म्हणून जे तिहेरी मिश्रण मिरवलं जातं, त्याचे सगळ्यात गाजलेले जुने नमुने कोळशावर आणि कोळसा खाऊन धावणाऱ्या गाडीवर आहेत.

'कोल फेस' ही कोळशाची जाहिरात होती असं म्हणणं मात्र अन्याय होईल. कामाच्या दर दिवशी चार खाणकामगार मरतात हे ती फिल्म तोंडावर सांगते, त्या काळच्या सरकारी फिल्मच्या मानाने ही मोठीच हिंमत. पण तीच फिल्म हेही ठणकावून सांगते की खाणकाम हा ब्रिटन देशाचा मूळ उद्योग आहे, आणि काळा चेहरा, अंधार, पियानोचे घाव, कोरस असं सगळं मिळून कामगाराबद्दलचा आदर आणि कोळशाबद्दलचा आदर एकमेकांत असे कालवले जातात की नंतर ते वेगळे काढता येत नाहीत. जगात कुठेही खाण बंद करायचं नाव काढलं की जो संताप उसळतो त्यात पगार जायची भीती असतेच, पण 'आमच्या बापजाद्यांनी देश उभा केला' हा अभिमानही असतो, आणि तो अभिमान कुठल्या आकडेवारीतून आलेला नाही. तो गाण्यांतून, फिल्म्समधून, कवितांतून आलाय. मग तो सोडवायला फक्त आकडेवारी कशी पुरेल?

आपल्याकडेही हीच शैली आली. १९४८ मध्ये मुंबईत सरकारचं फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि सिनेमाच्या आधी सक्तीने डॉक्युमेंटरी दाखवायची पद्धत पडली. ज्यांनी जुन्या एकपडदा थिएटरांत सिनेमे बघितलेत त्यांना ती भारदस्त आवाजातली कॉमेंट्री, धरणाच्या भिंती, भट्टीतून वाहणारा पोलादाचा लाल रस आणि त्यावर सतार किंवा बासरी हे आठवत असेल. धुरांड्यातून धूर निघाला की प्रगती. हे करणाऱ्यांना दोष द्यायचा नाहीये, नुकत्या स्वतंत्र झालेल्या, अंधारात बसलेल्या देशाला वीज हवी होती आणि ती हवी असणं योग्यच होतं. पण धूर बघून ऊर भरून येणं ही काही जन्मजात गोष्ट नाही. ती आपल्याला शिकवलेली आहे, संगीत लावून.

आता विरोधकांच्या बाजूचे मुद्दे, आणि ते काही फालतू नाहीत. सगळ्यात तगडा मुद्दा अमेरिकेतल्या डस्ट बोलचा. १९३० च्या दशकात तिथल्या सपाट गवताळ प्रदेशात जमीन नांगरून नांगरून मोकळी झाली, त्यात दुष्काळ आला, आणि मातीची वादळं उठायला लागली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाला तर लोक काळा रविवार म्हणतात. त्यावर सरकारी पैशाने पेअर लॉरेन्झने १९३६ मध्ये फिल्म काढली, नांगराने गवताळ प्रदेश कसा मोडला त्याची. निवेदन जवळजवळ मुक्तछंदातलं आणि संगीत व्हर्जिल थॉमसनचं, लोकगीतांच्या आणि चर्चमधल्या गाण्यांच्या चाली वापरून केलेलं. पण माती वाचवायचा कायदा कधी झाला? २७ एप्रिल १९३५ ला, म्हणजे फिल्मच्या आधी. ह्यू बेनेट नावाचा मृदा-अधिकारी अमेरिकन संसदेसमोर बोलत असताना हजारो किलोमीटरवरची धूळ वॉशिंग्टनपर्यंत येऊन पोचली होती, हा किस्सा तिकडे प्रसिद्ध आहे. म्हणजे कायदा करून घेतला तो धुळीने. कवितेने नाही, व्हायोलिनने तर नाहीच. मग फिल्म कशाला काढली?

इथेच खरं उत्तर आहे असं मला वाटतं. धूळ सगळ्यांना दिसत होती, पण ती कुणामुळे आली हे दिसत नव्हतं. बहुतेकांसाठी ती देवाची करणी होती, पाऊस पडला नाही म्हणून झालं, संपला विषय. फिल्मने दाखवलं की पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव वाढले, मग जमिनीचा सट्टा झाला, ट्रॅक्टर आले, जिथे नांगर लावायलाच नको होता तिथे लावला गेला. त्या भागातल्या बऱ्याच लोकांना ते अजिबात आवडलं नाही, आमची बदनामी केली म्हणून ते चिडले, आणि हॉलिवूडच्या मोठ्या वितरकांनी ती फिल्म घेतली नाही म्हणून ती सुट्या थिएटरांतून दाखवावी लागली. लोक चिडले याचा अर्थ फिल्म बरोब्बर जागी लागली. आपल्याकडे अस्मानी आणि सुलतानी असे संकटाचे दोन खाने पिढ्यान् पिढ्या पाडलेले आहेत, त्यात हवामानबदल कुठे टाकायचा हेच लोकांना कळत नाहीये, कारण तो येतो आभाळातून पण पाठवलेला असतो माणसांनी. हे आकड्याने सांगता येतं, नाही असं नाही. पण 'हे आपोआप झालेलं नाही, हे केलं गेलंय' ही गोष्ट पटायला सुरुवात, मधला भाग आणि शेवट लागतो, आणि कुणाच्या तरी तोंडून ती यावी लागते. कायदा धुळीने केला, हिशोब मात्र फिल्मने मांडला.

दुसरा आक्षेप मला स्वतःला जास्त बोचतो. अशी कामं संकटाला सुंदर करून टाकतात. २०१६ मध्ये इटालियन संगीतकार लुडोविको एनौदीने ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेसाठी आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर, हिमनदीच्या तोंडाशी, पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर ग्रँड पियानो ठेवून एक शोकगीत वाजवलं. मागे निळा-पांढरा बर्फ कोसळतोय, समोर काळ्या कपड्यातला माणूस वाजवतोय. जगभर लोकांनी बघितलं. दिसायला जबरदस्तच आहे, आणि हेतूबद्दल मला शंका नाही. पण बघून झाल्यावर मनात काय उरतं? एक गोड हुरहुर. बर्फ जातोय, वाईट वाटतंय, किती छान वाजवलं. कोण घालवतोय, कुणाचं घर बुडतंय, मी कुठे उभा आहे, यातलं काहीच त्यात नाही. फ्रेममध्ये तिथे राहणारा एकही माणूस नाही. चित्र म्हणतं दुःख, सूर म्हणतात दुःख, आणि शब्द तर नाहीतच. कला एकत्र आणायच्या आणि सगळ्यांनी मिळून एकच वाक्य बोलायचं, याला मी आळस म्हणेन. अशा कामांसाठी विमानं-जहाजं जो धूर सोडतात त्याचा आक्षेप त्यापुढे मला किरकोळ वाटतो, जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सगळ्या विमान वाहतुकीचा वाटाच अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, त्यात एका पियानोचा काय हिशोब लावायचा.

याच्या शेजारी दुसरं काम ठेवून बघा. कॅथी जेटनिल-किजिनर ही मार्शल बेटांची कवयित्री. पॅसिफिकमधली ही बेटं समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दोन मीटर उंच, आणि १९४६ ते १९५८ मध्ये अमेरिकेने तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. २३ सप्टेंबर २०१४ ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत तिने आपल्या काही महिन्यांच्या मुलीला उद्देशून लिहिलेली कविता वाचली, राष्ट्रप्रमुखांसमोर, आणि हॉल उभा राहिला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते २०१८ चं काम. त्यात ती ग्रीनलंडच्या बर्फावर जाऊन आका निवियाना या ग्रीनलंडच्या कवयित्रीला भेटते, दोघी एकमेकींना कवितेतून बोलतात, एकीने बेटावरचे शिंपले आणलेत, दुसरी आपल्या भूमीतले दगड देते. फिल्म काही मिनिटांचीच आहे, मागे संगीत आहे, भोवती तोच बर्फ, तेच निळं पाणी. चित्र सुंदर आहेच. पण शब्द त्या सौंदर्याला सुखाने बसू देत नाहीत. एकीच्या पायाखालचा बर्फ वितळला की दुसरीचं घर बुडतं, ग्रीनलंडचा सगळा बर्फ गेला तर जगातला समुद्र सात मीटरच्या आसपास वर येईल हा आकडा आपण वाचलेला असतो, इथे तो दोन बायकांमधलं नातं होऊन समोर येतो. बरं, त्या नुसत्या रडत नाहीत. बेटांवर आणि बर्फाखाली दुसऱ्यांनी पुरून ठेवलेल्या अणुकचऱ्याचा हिशोब त्या काढतात, आणि ऐकणाऱ्याला नीट समोर उभं करून बोलतात. फरक इथे आहे. कविता कुणाला तरी उद्देशून असते. पियानो आणि हिमनदी कुणालाच उद्देशून नव्हते.

त्या कवितेने काय झालं असं विचाराल तर २०१५ च्या पॅरिस हवामान करारात तापमानवाढ दीड अंशावर रोखायचा उल्लेख आला त्यामागे छोट्या बेट-देशांचा अनेक वर्षांचा रेटा होता, मार्शल बेटांचे परराष्ट्रमंत्री टोनी डी ब्रम यांची मोट बांधण्याची हातोटी होती. कवितेमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या बेटांनी वर्षानुवर्षं चालवलेली घोषणा 'वन पॉइंट फाइव्ह टू स्टे अलाइव्ह' (जगायचं तर दीड अंशच) ही यमकात होती हे विसरू नका. ज्यांना कलेचं वावडं आहे त्यांनाही शेवटी यमक लागतंच.

संगीताचं काय, आणि तेही छोट्या मैफलीचं? याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातलं. डॅनियल क्रॉफर्ड नावाच्या विद्यार्थ्याने २०१३ मध्ये १८८० ते २०१२ पर्यंतच्या जागतिक तापमानाच्या नोंदी घेतल्या आणि दर वर्षाला चेलोचा एक सूर दिला. सगळ्यात थंड वर्ष, १९०९, म्हणजे चेलोचा सगळ्यात खालचा सूर, आणि दर ०.०३ अंशाला साधारण अर्धा स्वर वर. २०१५ मध्ये त्याने हेच चार वाद्यांसाठी केलं, चेलो म्हणजे विषुववृत्ताचा पट्टा, व्हायोला मधला पट्टा, दोन व्हायोलिन वरचे उत्तरेकडचे पट्टे. ऐकताना सुरुवातीला वाटतं की हे काय, कुठलीतरी अबोध सुरावट चाललीय. मग शेवटी शेवटी आर्क्टिकचं व्हायोलिन असं काही वर चढायला लागतं की पोटात गोळा येतो. ग्राफ तुम्ही एका नजरेत बघून पुढे स्क्रोल करता. सूर मात्र एकामागून एकच ऐकावे लागतात, १३० वर्षं काही मिनिटांत का होईना पण बसून काढावी लागतात. पण याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. खाली लिहिलं नसतं तर ते तापमान आहे हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. चेलोच्या त्या व्हिडिओच्या शेवटी लिहून येतं की शतकाअखेर जी वाढ अपेक्षित आहे ती वाजवायला गेलं तर सूर माणसाच्या कानाच्या पल्याड जातील, आणि खरा धक्का बसतो तो त्या वाक्याने. सुरांनी जागा तयार केली, घाव शब्दांनी घातला.

मोठ्या गोंगाटाने हे होत नाही. ७ जुलै २००७ ला लाइव्ह अर्थ नावाचे हवामानबदलावरचे अवाढव्य रॉक कॉन्सर्ट जगभर एकाच दिवशी झाले होते, आज ते कुणाला आठवतात? उलट अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट डेव्हिस या भौतिकशास्त्रज्ञाने आणि फ्राय स्ट्रीट क्वार्टेट या चार वादकांच्या गटाने २०१२ पासून एक कार्यक्रम केला, तो बोलणार, मागे चित्रं, आणि मध्ये मध्ये चौघं लॉरा कामिन्स्कीने यासाठीच लिहिलेलं संगीत वाजवणार. माणूस एक जड गोष्ट ऐकतो, मग त्याला लगेच दुसरी जड गोष्ट सांगत नाहीत, पहिली पचवायला वेळ देतात. वाद्यं चारच असल्यामुळे कुणाच्या मागे लपता येत नाही, डोळे मिटून झोकून देता येत नाही, कोण काय म्हणतंय ते ऐकू येतं. बैठकीत बसून गाणं ऐकलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. स्टेडियममध्ये माणूस गर्दी होतो, बैठकीत तो श्रोता असतो.

यावर लगेच येणारा आक्षेप, की मग हे दोनशे लोकांसाठीच झालं, आणि तेही आधीच पटलेल्या. अगदी बरोबर. पण आधीच पटलेल्यांसाठी काही करू नये हा नियम कुणी काढला? एकादशीला कीर्तनाला बसलेला वारकरी काय नास्तिक असतो? तो आधीच विठ्ठलाचा असतो, तरी दर वेळी येतो, तेच अभंग ऐकतो, कीर्तनकार निरूपण करतो, मृदंग वाजतो, आणि तो उठून पुढच्या वारीला चालायला तयार होतो. हवामानाच्या बाबतीत न पटलेल्यांपेक्षा पटूनही ढिम्म बसलेले लोक कितीतरी जास्त आहेत, तुमच्या-माझ्यासारखे. आपल्याला नवी माहिती नकोय. वीस-पंचवीस वर्षं एका कंटाळवाण्या, हळू चालणाऱ्या लढ्यात टिकायला लागणारा दम हवाय, आणि तो परत परत एकत्र बसण्यातून येतो.

पण लढा तर हवा. इथे मी पहिल्या गटाशी पूर्ण सहमत आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या डफामुळे मुंबई मिळाली असं कुणी म्हणत नाही, पण त्या डफामागे मोर्चे होते, गिरण्यांचे संप होते, माणसं गोळ्या झेलत होती, म्हणून तो डफ नुसता कार्यक्रम राहिला नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेची पथकं गाणी-नाटकं घेऊन देशभर फिरली, त्यांच्यासमोर झोळी होती, जमलेला पैसा बंगालला जात होता, आणि पुढे १९४६ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच विषयावर फिल्म केली, संगीत रविशंकर यांचं. दुष्काळ थांबला का त्याने? नाही, लाखो माणसं मेली. पण गाणं ऐकून उठणाऱ्या माणसाला दारातच काहीतरी करायला होतं. आजच्या हवामानविषयक मैफलीतून बाहेर पडणाऱ्याला दारात काय मिळतं? फार तर पार्किंगचं कूपन.

करायला काय आहे याचं एक उत्तर लंडनमध्ये मिळालं. २०१० पासून लिबरेट टेट नावाचा कलाकारांचा गट टेटच्या आतच, न विचारता, कलाप्रयोग करायला लागला. एकदा पवनचक्कीचं अवाढव्य पातं उचलून आत नेऊन ठेवलं, आमच्याकडून भेट म्हणून. मागणी एकच, बीपीचे पैसे घेऊ नका. २०१६ मध्ये ती स्पॉन्सरशिप संपणार असं जाहीर झालं. बीपीने कारण दिलं धंद्यातल्या मंदीचं, आंदोलनाचं नाही, आणि ते खरंही असेल अर्धवट. पण २०१९ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनी या नाट्यसंस्थेनेही बीपीला रामराम ठोकला, आणि तिथे शाळेतल्या पोरांनी बहिष्काराची धमकी दिल्याचं नाट्यसंस्थेने लपवलं नाही. ज्या दुकानातून तेलवाले अब्रू विकत घेत होते त्या दुकानाचं शटर कलाकारच खाली ओढू शकतात, ते काम अभियंत्याचं नाही.

राहता राहिला आपला प्रश्न. आपल्याकडे कुणी हे करायचं म्हटलं की ताबडतोब पुण्या-मुंबईतलं एक एसी सभागृह, विदेशी चेलोवादक आणि इंग्रजीतल्या कविता डोळ्यासमोर येतात. कशासाठी? कोळसा चंद्रपुरात आहे, २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र चंद्रपुरात आहे, देशातल्या सगळ्यात भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यांपैकी एक चंद्रपुरात आहे, आणि त्याच चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदिया पट्ट्यात धान निघाल्यावर रात्र रात्र चालणारी झाडीपट्टीची संगीत नाटकं आहेत, गडचिरोलीतल्या वडशाला ज्यांची कार्यालयं ओळीने दिसतात. हजारो माणसं तिकीट काढून, थंडीत कुडकुडत पहाटेपर्यंत बसतात. 'कोल फेस'ला लाभला नसेल असा प्रेक्षक तिथे आयता आहे, आणि त्यातल्या कित्येकांच्या घरचा पगार कोळशातूनच येतो, त्यामुळे तिथे खोटं, गोड बोलून चालणार नाही. खाणकामगाराला व्हिलन न करता कोळशाला निरोप कसा द्यायचा, हे तिथल्या लेखकाला सोडवावं लागेल, आणि ते कुठल्याही आर्क्टिक पियानोपेक्षा अवघड आहे.

संगीताचीही पंचाईत होणारच आहे. आपलं ऋतूंचं सगळं गाणं ऋतू वेळेवर येतात या भरवशावर बांधलेलं आहे, वसंतात बसंत, पावसाळ्यात मल्हार, आणि मराठी कवितेतला पाऊस तर कायम हवाहवासाच असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात, विदर्भात गारपिटीने उभा गहू, हरभरा, द्राक्षं झोपवली, तो पाऊस कुठल्या रागात गायचा? मल्हार गायला तर थट्टा होईल, आणि न गाता सोडला तर तो फक्त पंचनाम्यात उरेल. या प्रश्नावर दोन चांगले गवई आणि एक कवी वर्षभर भांडले तरी मला आवडेल. त्यांना मानधन लागेल, फिरायला पैसे लागतील, आणि कुठल्यातरी कोळसा किंवा तेल कंपनीचा सीएसआरवाला (सामाजिक कामासाठीचा निधी वाटणारा) चेक घेऊन दारात उभाच असेल. तो घेऊ नका. झाडीपट्टीत तिकीट दहा रुपयांनी वाढवा, लोक देतील.